कृष्णाच्या नावाचं लॉगिन

भूत-प्रेत मी मानत नाही. हे लिहितानाही मानत नाही. पण जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं. मला भास होत नाहीत, मला फक्त राग येतो. तेव्हा ज्यांना खोटं वाटेल त्यांनी खुशाल हसावं. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

रात्रीची गोष्ट हवी असेल तर तीही मिळणार नाही. अमावस्या नव्हती, पिंपळ नव्हता, कुत्रं रडत नव्हतं.

भर दुपार होती. मे महिन्यातलं संभाजीनगरचं ऊन होतं.

जागा वाळूज. पत्रा ठोकून गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक लहान कंपनी. नाव सांगणार नाही. सांगितलं तर मालकांचा वकील माझ्या दारात उभा राहील, आणि वकिलाला मी भुतापेक्षा जास्त घाबरते.

माझं नाव मनस्विनी. कंपन्यांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यातही लिनक्सवाले, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारे. आमचे हे म्हणतात, हिला माणसांपेक्षा मशीनशी बरं जमतं. खोटं नाही ते.

त्या दिवशी कंपनीला साप्ताहिक सुट्टी होती. सुपरवायझर सुदर्शनचा फोन आला.

"मॅडम, लई ताप झालाय. तीन नंबर प्रेसचा कॉम्प्युटर आतच घेईना. पासवर्ड टाकला की काळा पडतो आन् परत तिथंच. उद्या पहिली पाळी लागायच्या आत चालू पायजे, नायतर मालक माझं भरीत करील."

हे दुखणं मला पाठ आहे. पाहुणा दारात येतो, चप्पल काढतो, आत पाऊल टाकतो आणि कोणीतरी त्याला परत उंबऱ्याबाहेर आणून उभं करतं, तसा प्रकार. बहुतेक वेळा कारण फुसकं असतं. अर्ध्या तासाचं काम.

स्कूटर काढली आणि निघाले.

कंपनीत शिरले तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. एरवी तिथं दोन माणसांना बोलायचं तर ओरडावं लागतं. आज माझ्या चपलांचा आवाज पत्र्याच्या छताला लागून परत येत होता. पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस ओळीनं उभ्या होत्या. तीन नंबरच्या प्रेसशेजारी, हात लांब केला तर प्रेसला लागेल इतक्या जवळ, तो कॉम्प्युटर होता.

सुदर्शन बिडकीनकडचा. चाळिशीचा, अंगानं दणकट, बोलण्यात दांडगा. पण तो मशीनपाशी आला नाही. दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहिला.

"इकडे या की," मी म्हटलं.

"तुम्ही बघा. मी हितं हाय."

लॉगिनच्या पडद्यावर एकच नाव होतं. कृष्णा.

"पासवर्ड?"

त्यानं तिथूनच ओरडून सांगितला. नाव आणि पुढं एक-दोन-तीन. सगळ्या महाराष्ट्राचा एकच पासवर्ड आहे, त्यात नवल काही नाही.

टाकला. पडदा काळा झाला.

आणि परत तेच नाव. कृष्णा.

मी दुसऱ्या वाटेनं, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावरून, माझ्या दुरुस्तीच्या खात्यानं आत गेले. डिस्क भरली आहे का बघितलं. नव्हती. मग ती एक लहानशी लपलेली फाईल बघितली, जी प्रत्येक माणसाला त्याचा डेस्कटॉप उघडून देते. तिची मालकी भलत्याकडे गेली की माणूस आपल्याच घराबाहेर राहतो. मालकी बदललेली होती. ही सापडली मेख, असं म्हणून मी ती फाईल पुन्हा कृष्णाच्या नावावर केली आणि जरा खूश झाले.

पुन्हा लॉगिन केलं.

पडदा काळा झाला. या वेळी जरा जास्तच वेळ काळा राहिला. आणि त्या काळोखात, माझ्या उजव्या हाताला...

खट्.

प्रेसचं पायडल दाबल्यावर येतो तसा आवाज.

मी मान वळवली. प्रेसपाशी कोणी नव्हतं. सुदर्शन लांब खांबाशीच होता, फक्त आता तो टेकलेला नव्हता, ताठ उभा होता.

"काय वाजलं?" मी विचारलं.

"काय नाय. पत्रा तापला की वाजतो."

असेल, म्हटलं. पत्रा तापतो हे खरंच आहे. परत काळ्या पडद्यावर गेले. ती फाईल उघडून बघितली. मालकी पुन्हा बदललेली होती. आता मला राग आला. मी एक काम केलं की ते झालेलं राहिलं पाहिजे, नाहीतर माझं डोकं फिरतं.

कॉम्प्युटरला विचारलं, आत्ता तुझ्या आत कोण कोण आहे? तशी एक छोटी आज्ञा असते. उत्तरात एकच नाव यायला हवं होतं. माझं.

दोन आली.

एक माझं.

आणि दुसरं... कृष्णा.

कोणी आत येऊ शकत नव्हतं, कारण कृष्णा आधीच आत होता. बाहेरून म्हणावं तर नेटवर्कची वायर मी आल्या आल्या काढली होती. तो याच कॉम्प्युटरवरून आत होता. याच कीबोर्डवरून. म्हणजे मी बसले होते त्याच खुर्चीवरून.

अंगावर काटा वगैरे आला नाही. मला वाटलं, कुणीतरी आगाऊपणा करून ठेवलाय.

"सुदर्शनराव, हा कृष्णा कोण? त्याला फोन लावा. काहीतरी चालू ठेवून गेलाय."

"लागायचा नाय फोन."

"का?"

तो प्रेसकडे न बघता बोलला.

"वारला तो. दिवाळीच्या आधी. ह्याच प्रेसवर."

मी खुर्चीतून उठले. खोटं कशाला बोलू, आपोआप उठले.

"आणि तुम्ही अजून त्याच्या नावानं काम करता?"

"मॅडम, कॉम्प्युटर आला तवा त्यालाच पहिला जमला. मग सगळे त्याच्याच नावानं घुसायचे. तीनही पाळ्या. पासवर्ड सगळ्यांला पाठ हाय, सेटिंग सगळी त्याच्यातच हाय. तो गेला म्हणून काम थोडंच थांबतंय?"

अशी सवय मी पाचपन्नास कंपन्यांत बघितली आहे. एकाच्या नावावर सगळ्यांचा संसार. पण मेलेल्या माणसाच्या नावावर? मी त्याला दोन शब्द सुनावणार होते, तेवढ्यात मागून ग्लासांचा आवाज आला.

एक बाई हातात चहाचे ग्लास घेऊन उभी होती. पन्नाशीची, नऊवारी नेसलेली, कपाळ मोकळं.

"घ्या ताई. दुपारचं लई ऊन हाय."

ती द्वारकाबाई. कंपनीच्या कँटीनला होती, सुट्टीच्या दिवशी झाडलोट करायला यायची. मी ग्लास घेतला. तिनं पडद्यावरचं नाव बघितलं. तिला वाचता येत असेल असं मला वाटलं नव्हतं. पण ते एक नाव तिला येत होतं.

"माझ्या लेकाचं नाव हाय ते," ती म्हणाली.

 हातातला चहा तसाच राहिला.

"मेलेल्या माणसाला उंबऱ्यात उभं राहून नावानं हाक मारू नाय म्हणतात. येतंय ते. आन् हितं रोज, पाळी लागली की हाक. कृष्णा. पाळी सुटली, दुसरी लागली. पुन्हा कृष्णा. कसं जाईल माझं लेकरू? ह्यांनी जाऊ दिलंय का त्याला?"

"मावशी, तुमी कँटीनमधी जावा," सुदर्शन खेकसला.

ती गेली नाही.

मग तिनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. प्रेसच्या तोंडाशी दोन खांब असतात. त्यांच्यामध्ये हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. कामगार त्याला नुसतं सेन्सर म्हणतात. त्या दिवशी कृष्णाचा उजवा हात आत होता आणि पाय चुकून पायडलवर पडला. सेन्सर चालू असता तर काही झालं नसतं. सेन्सर बंद होता. दवाखान्यात नेईपर्यंत रक्त थांबलं नाही. आणि कंपनीनं सांगितलं, सेन्सर यानंच बंद केला होता. काम भरभर उरकावं म्हणून. पोराची स्वतःची चूक.

"आमच्या पाचोडात बी तेच पसरलं. द्वारकाबाईचं पोरगं आपल्या हातानं मेलं म्हणून. सून माहेरी गेली. नातीला शाळेत पोरं तेच बोलतात. माझा कृष्णा, ताई, रस्ता वलांडताना सायकलवरून उतरून चालायचा. तो बंद करील का? मला दुसरं काय नको. कुणीतरी एकदा तोंडानं म्हणावं, त्यानं नाय केलं."

मी सुदर्शनकडे बघितलं.

"सेन्सर कुठून बंद होतो?"

"ह्याच्यातून," त्यानं हनुवटीनं कॉम्प्युटर दाखवला.

"आणि कॉम्प्युटरवर सगळेच कृष्णा. म्हणजे कोणीही बंद केला तरी नाव त्याचंच लागणार. ही एवढी साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही?"

सुदर्शनचा चेहरा एकदम उतरला. द्वारकाबाई त्याच्याकडे बघत होती. ओरडली नाही, रडली नाही. तिनं नुसतं बघितलं, आणि मला तिथं उभं राहवेना.

"मी हे नाव काढून टाकणार आहे," मी म्हटलं. "प्रत्येकाला ज्याचं त्याचं लॉगिन देणार."

"नाय नाय मॅडम, ते ऱ्हाऊ द्या!" सुदर्शन पहिल्यांदाच दोन पावलं पुढं आला. "मालकाला इचारा आधी."

विचारलं. फोन स्पीकरवर टाकला.

"अहो मॅडम, कशाला एवढा त्रास घेता," मालक म्हणाले. आवाज अगदी गोड. "चालतंय ना त्या नावावर? त्या मुलाची चूक होती, तरी आम्ही त्याच्या आईला कामाला घेतलं. आणखी काय करायचं? बरं, काय करायचं ते करा, पण उद्या सकाळी प्रेस चालू पाहिजे."

द्वारकाबाई शेजारीच होती. तिनं सगळं ऐकलं. पदर नीट केला आणि खाली बघितलं.

मी आज्ञा दिली. कृष्णा हे खातं काढून टाक.

कॉम्प्युटरनं नकार दिला. त्याच्या रुक्ष भाषेत उत्तर आलं, आणि ते नेहमीचंच उत्तर आहे, मी शंभरदा वाचलंय. त्याचा अर्थ इतकाच...

हा माणूस अजून काम करतो आहे. काढता येणार नाही.

मी त्याचं चालू काम बंद पाडलं. कॉम्प्युटर प्रत्येक चालू कामाला एक आकडा देतो; क्षणात ते दुसऱ्या आकड्यानं पुन्हा चालू झालं. पुन्हा पाडलं. पुन्हा चालू.

मग पडदा आपोआप बदलला.

लॉगिनचा पडदा आला. मी कीबोर्डपासून हात उचलले. दोन्ही हात वर धरले, पोलिसांनी पिस्तूल रोखल्यासारखे.

आणि पासवर्डच्या चौकटीत एक ठिपका उमटला...

थांबला.

मग दुसरा...

मग बऱ्याच वेळानं तिसरा. सावकाश, शोधत शोधत, एका हातानं टाईप करणाऱ्या माणसासारखे.

डाव्या हातानं.

"मावशी," मी म्हटलं.  "हे बघताय ना?"

"बघायले की," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाळेतून उशिरा घरी आलेल्या पोराकडे आई बघते ना, तसं बघत होती.

ठिपके पुसले गेले. पडदा कोरा झाला. सगळं शांत.

आता तुम्ही म्हणाल, तिथून पळाली का नाहीस? मलाही तेच वाटतं. पण माझा स्वभाव आडमुठा. अर्धवट काम सोडून मी कधी कुठून निघालेली नाही. मी ठरवलं, कृष्णाचं खातं राहू दे बाजूला, आधी नवीन खातं करून बघू. नवीन माणूस आत जातो का, तेवढं कळेल.

"सुदर्शनराव, तुमच्या नावानं करते. या, पासवर्ड टाका."

"मी? मी कशाला?"

"मग कोणाच्या नावानं करू? सुपरवायझर तुम्ही. का घाबरता?"

ते शेवटचं मी मुद्दाम बोलले. दांडग्या माणसाला तेवढं पुरतं.

"घाबरतोय कोण? भूतबित काय नसतं," असं म्हणत तो आला. खुर्चीत बसला. कपाळावरचा घाम बाहीनं पुसला. कोणी पासवर्ड टाकत असताना मी तोंड फिरवते, तशी सवय आहे. म्हणून मी प्रेसकडे बघत होते. द्वारकाबाई माझ्या पलीकडे उभी होती.

बटण दाबल्याचा आवाज आला.

"उघडलं," सुदर्शन म्हणाला. आनंदानं म्हणाला बिचारा. "मॅडम, उघडलं की!"

दिवसभर कोणालाही आत न घेणारा तो कॉम्प्युटर त्याला मात्र एका झटक्यात आत घेऊन मोकळा झाला.

मी वळले. नवीन खात्याचा डेस्कटॉप साधा निळा असतो. हा निळा नव्हता. फोटो होता. मोसंबीची बाग, मधून जाणारा पाण्याचा पाट.

सुदर्शनचा आनंद तिथंच विरला.

"हे... हे कृष्णाचं हाय. त्याचं शेत."

माऊस कोणी धरलेला नव्हता. तरी बाण हलला. प्रेसची प्रणाली उघडली. बाण सावकाश खाली आला, सेन्सरच्या चौकटीवर थांबला, आणि...

सेन्सर बंद.

खाली नाव उमटलं. सुदर्शन.

"मी नाय केलं!" तो ओरडला. "मॅडम, तुमी बघायलेत ना? मी हात बी लावला नाय!"

उठायला गेला आणि उठला तो सरळ प्रेसकडे. त्याचा उजवा हात पुढं आणि तो मागं, कोणीतरी मनगट धरून ओढत न्यावं तसा. डाव्या हातानं त्यानं प्रेसची कड पकडली. पाय फरशीवर घसरत होते.

उजवा हात प्रेसच्या तोंडात गेला आणि तिथंच राहिला.

मी त्याचा शर्ट धरून ओढला. मी काही नाजूक नाही, पण तो तसूभर हलला नाही. तेव्हा वरून आवाज सुरू झाला. प्रेसचं मोठं चाक फिरायला लागल्यावर येतो तो. आधी घरघर... मग जोरात.

मी मेन स्विचकडे पळाले. हँडल खाली ओढायचं, बस्स.

हँडल आधीच खाली होतं.

वीज बंद होती. सुट्टीमुळे सकाळपासून बंदच होती. कॉम्प्युटर कँटीनच्या लाईनवर होता, प्रेसला वीज कुठूनच येत नव्हती. आणि चाक फिरत होतं.

भूत न मानणारी मी. मीच ओरडले, "मावशी, त्याला हाक मारा! तुमचं ऐकेल तो!"

द्वारकाबाई जागची हलली नाही.

"आधी बोला, सायेब," ती सुदर्शनला म्हणाली. अगदी शांतपणे.

"मी केला!" सुदर्शन लहान पोरासारखा रडत होता. "मी केला बंद! माल निघत नव्हता, मालक डोक्यावर बसलावता, म्हणला कर बंद, मी केला! कृष्णाला म्हाईत नव्हतं, मावशे, त्याला म्हाईतच नव्हतं! माझे आई, सोड म्हण त्याला!"

द्वारकाबाईनं डोळे मिटले. तिला हवं होतं ते तिला मिळालं होतं. कोणीतरी तोंडानं म्हटलं होतं.

"झालं ना मावशी! आता थांब म्हणा त्याला!"

तिनं डोळे उघडले. प्रेसच्या त्या बाजूला, जिथं कोणी नव्हतं, तिथं बघितलं. तिचे ओठ हलले. चाकाच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही.

आणि पायडल...

खट्.

पुढचं लिहीत नाही.

सुदर्शन वाचला. हात मनगटापासून गेला. रुग्णवाहिका येईपर्यंत द्वारकाबाईनंच आपला पदर फाडून त्याचा हात घट्ट बांधला होता, आणि डॉक्टर म्हणाले, त्यामुळंच तो जगला. याचा अर्थ मला अजून लावता आलेला नाही.

चौकशी झाली. मी जे बघितलं ते सगळं सांगितलं. मेन बंद होता हेही सांगितलं. साहेब लोकांनी एकमेकांकडे बघितलं आणि मला पाणी दिलं. त्यांच्यासमोर कॉम्प्युटर होता आणि कॉम्प्युटरवर स्पष्ट दिसत होतं, सेन्सर बंद कोणी केला ते. त्याच्या स्वतःच्या लॉगिनवरून. नाव सुदर्शन.

आता अख्खं वाळूज म्हणतं, त्याचीच चूक. त्यानंच बंद केला.

सुदर्शन दवाखान्यात सगळ्यांना शपथा घालून सांगायचा, मी नाही केलं. कोणी विश्वास ठेवायचं नाही. नंतर त्यानं सांगणं सोडलं.

कृष्णाचं खातं त्याच आठवड्यात काढून टाकलं. या वेळी कॉम्प्युटरनं एका झटक्यात पुसू दिलं. जणू तिथं कोणी नव्हतंच.

मग मी मालकांकडे गेले. सुदर्शन काय बोलला ते सांगितलं. म्हटलं, पाचोडला जाऊन चार माणसांत सांगा, त्या पोरानं सेन्सर बंद केला नव्हता म्हणून. एवढंच हवंय त्या बाईला. तुमचंही नाव घेतलं सुदर्शननं, पण ते मी आत्ता काढत नाही.

मालकांनी हात जोडले. हसून.

"मॅडम, भीतीनं माणूस काहीही बोलतो हो. झालं ते झालं. जुनं उकरून कोणाचं भलं होणार? मुलाची चूक होती, कागदोपत्री तसंच आहे, तसंच राहू द्या. तुम्ही एक करा, मला त्या कॉम्प्युटरवर एक लॉगिन तयार करून द्या. यापुढं मी स्वतः लक्ष घालीन."

मला इतका राग आला होता की कानशिलं तापली होती. पण लॉगिन तयार करून दिलं. मालकांच्या नावानं.

बाजाराच्या दिवशी पाचोडला गेले. द्वारकाबाईनं काम सोडलं होतं. अंगणात तुरी पाखडत बसली होती. नात शेजारी खेळत होती. मला बघून बाज टाकली, पाणी दिलं. मी मालकांचं बोलणं सांगितलं. लपवून काय करणार होते?

ती सूप हलवत राहिली.

जाताना मला राहवलं नाही. विचारलं, "मावशी, त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोललात. ओठ हलले तुमचे. त्याला थांबच म्हणालात ना? त्यानं ऐकलं नाही, एवढंच ना?"

सूप थांबलं.

"माझं लेकरू माझं ऐकत नाय, असं कधी झालं नाय ताई. थांब म्हणले असते तर थांबला असता."

"मग काय म्हणालात?"

"म्हणले, दाब."

तिनं नातीला जवळ घेतलं, तिचे केस नीट केले. मग माझ्याकडे न बघता विचारलं.

"मालकाचं नाव टाकलं का हो त्या मशीनीत?"

मी हो म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. आणि पुन्हा तुरी पाखडायला लागली.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. परवा मालकांचा फोन आला होता. म्हणाले, पुढच्या सुट्टीच्या दिवशी निवांत बसून ते मशीन शिकून घेणार आहे, पहिल्यांदाच लॉगिन करणार आहे, काही अडलं तर फोन करीन.

त्यांचं लॉगिन काढून टाकायला मला एक ओळ पुरते. घरी बसूनही ते करता येतं. रोज सकाळी लॅपटॉप उघडते, ती ओळ लिहिते आणि बघत बसते. आमचे हे विचारतात, काय झालंय, झोप का येत नाही तुला? मी काही सांगत नाही.

सुट्टी उद्या आहे.

ती ओळ मी अजून पाठवलेली नाही.